लेआचे डोळे

(मिशनच्या आधारदात्यांच्या वार्षिक मेळाव्यात मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी वसतिगृहाचा अहवाल वाचते. मुली किती, दहावीला किती बसल्या, किती पास झाल्या, धान्य किती लागले, छपराचे काम कुठवर आले. या वर्षीचा अहवाल छापून तुमच्या हातात दिलेला आहे, तो घरी जाऊन सावकाश वाचा. आज मला त्यात न मावलेल्या एका गोष्टीविषयी बोलायचे आहे. आमच्या मुली आरशात स्वतःकडे कशा पाहतात, त्याविषयी.

हा विषय सांगितला तेव्हा एका भगिनीने मला विचारले, "ताई, ज्या घरांतून या मुली येतात तिथे दोन वेळच्या भाकरीची भ्रांत. त्यांना रंगरूपाची काळजी करायला सवड कुठून मिळते?" प्रश्न रास्त आहे. पण ज्या मुलीच्या घरी पुरेसे शेत नाही, शहरात कोणाची ओळख नाही, मराठीसुद्धा अजून जिभेवर नीट बसलेली नाही, तिला वाटते की लोक आपली पारख करतील ती फक्त आपल्या तोंडावरून. म्हणून तिची काळजी इतरांपेक्षा मोठी असते.

आमचे वसतिगृह नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. मुली भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाजांतल्या. बऱ्याच जणींचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात ते उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. मुली पाचवीला आमच्याकडे येतात तेव्हा पावसात नाचतात, ओढ्यात डुंबतात, केस विंचरायला मागे धावावे लागते. आठवी-नववीच्या सुमारास काहीतरी बदलते.

एक मुलगी एप्रिलच्या उन्हातही पूर्ण बाह्या घालते, हातावरचे गोंदण दिसू नये म्हणून. दुसरी एवढी पावडर लावते की तोंड एका रंगाचे आणि मान दुसऱ्या रंगाची दिसते, आणि मग त्यावरूनच तिची चेष्टा होते. परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला तालुक्याच्या गावी नेले की स्टुडिओवाल्याला हळूच सांगतात, "दादा, जरा गोरा करून द्या." कित्येकदा सांगावेही लागत नाही, तो आपणहून करून देतो. मग हॉलतिकिटावरची मुलगी वेगळी आणि बाकावर बसलेली वेगळी. वर्गाचा फोटो असला की ठरावीक मुली मागच्या रांगेत, उंच मुलींच्या आड जाऊन उभ्या राहतात. आणि नाताळच्या नाटकात मरीयेचे काम कोणाला मिळणार, हे नाव वाचण्याआधीच सगळ्यांना माहीत असते. मरीया नासरेथसारख्या लहानशा गावातली, घरकाम करणारी मुलगी. पण आपल्या मंडळ्यांत तिचे काम वर्षानुवर्षे सर्वांत गोऱ्या मुलीकडेच जाते.

काही जण याला नखरा म्हणतात. नखरा करणाऱ्या मुलीला आरशापुढे मजा वाटते. या मुलींना आरशापुढे भीती वाटते. दोन्हींत फार फरक आहे.

ही भीती त्या घरून घेऊन येत नाहीत. त्यांच्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, दंडावर गोंदण आहे. चांदी इथेच राहते, गोंदण तेवढे आपल्याबरोबर येते, असे त्या जुन्या बायका अभिमानाने सांगतात. आणि त्यांच्याच नाती मला विचारतात, "ताई, हे मशीनने काढता येते का?" मधल्या काळात काय घडले?

फार लांबचे एक उदाहरण देते, कारण ते आमच्या पाड्यांशी जुळते. पॅसिफिक महासागरात फिजी नावाची बेटे आहेत. तिथल्या समाजात भरलेले अंग हे चांगल्या घराचे, चांगल्या सांभाळाचे लक्षण मानत. तिथल्या नद्रोगा नावाच्या भागात १९९५ साली टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या अमेरिकन संशोधिकेने टीव्ही येऊन थोडेच आठवडे झाले असताना तिथल्या शाळकरी मुलींना त्यांच्या खाण्यापिण्याविषयी विचारले आणि तीन वर्षांनी, १९९८ साली, तेच प्रश्न पुन्हा विचारले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या वेळी एकही नव्हती. तीन वर्षांनी अशा मुली शंभरात अकरा निघाल्या. मुलींची शरीरे तीच होती, त्यांच्याकडे पाहणारी नजर तेवढी बदलली होती. आमच्याकडे आज जे काम मोबाइल करतो आहे ते तिथे टीव्हीने केले.

पण सगळा दोष पडद्यावर टाकून मोकळे होता येणार नाही. आपल्या देशात 'फेअर अँड लव्हली' १९७५ सालापासून विकली गेली. २०२० साली नावातले 'फेअर' निघाले आणि ती 'ग्लो अँड लव्हली' झाली. नाव बदलायला पंचेचाळीस वर्षे लागली, आणि त्या काळात आपल्या ख्रिस्ती घरांतल्या कपाटांतही ती ट्यूब होती. आपल्या वधूवर सूचना काढून पाहा. 'गोरी, सडपातळ, सुशिक्षित' हे शब्द किती वेळा येतात ते मोजा. रविवारी आपण गातो की सर्व देवाची लेकरे आहेत, आणि सोमवारी लेकरांची रंगाप्रमाणे वर्गवारी करतो. मुली दोन्ही ऐकतात आणि त्यांना सोमवारचे जास्त लक्षात राहते.

आता या भीतीने शरीराचे काय होते ते सांगते, कारण हा प्रश्न केवळ मनाचा नाही.

आठवडे बाजारात आणि होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात गोरेपणाची मलमे मिळतात. त्यांतल्या काहींमध्ये तीव्र स्टिरॉइड असते. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो आणि मुलगी खूश होते. मग कातडी पातळ आणि लाल होते, पुरळ उठते, गालांवर लव वाढते. मलम थांबवले की तोंडाची आग होते, म्हणून ती पुन्हा तेच लावते आणि त्यातून सुटत नाही. अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम सरकारने २०१८ साली केला. पण बाजारातल्या पथारीवर चिठ्ठी मागतो कोण? काही बेनामी क्रीममध्ये तर पारा सापडतो. तो कातडीतून अंगात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो.

दुसरी गोष्ट जेवणाची. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात पुरेसे रक्त नाही. अशा मुलीने 'पोट दिसते' म्हणून रात्रीची भाकरी सोडली तर काय होईल? आमच्याकडे झालेले सांगते. अकरावीतल्या एका मुलीने महिनाभर संध्याकाळचे ताट धाकट्या मुलींना वाटून दिले. आम्हांला वाटले, किती मायाळू आहे. प्रयोगशाळेत चक्कर येऊन ती पडली तेव्हा खरी गोष्ट कळली. तिने मोबाइलवर कोणा बाईचे 'पंधरा दिवसांत सडपातळ' पाहिले होते. आता स्वयंपाकाच्या मावशी ताटांवर नीट लक्ष ठेवतात, आणि ताट परत आले की रागावत नाहीत, शेजारी बसून विचारतात.

तिसरी गोष्ट एका मुलीची आहे. तिला विचारून सांगते आहे. नाव सांगायचे नाही, असे आमचे ठरले आहे.

ती आठवीला आमच्याकडे आली. वयाच्या मानाने लहानखुरी, आणि कधी मान वर करायची नाही. शिक्षक म्हणायचे, "उर्मट आहे, बोललो तरी आपल्याकडे पाहत नाही." तपासणीत कळले की तिला सिकलसेल आहे. हा आजार आमच्या भागात पुष्कळ घरांत आहे. आई आणि वडील दोघांकडूनही तो दोष आला की मूल आजारी होते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. त्यामुळे रक्त कमी पडते, वाढ मागे राहते, पेशी अडकल्या की हाडांत असह्य कळा येतात, आणि डोळे पिवळे दिसतात. तो पिवळेपणा कोणाला लागत नाही. पण बसस्टँडवरच्या पोरांनी तिचे नाव 'हळद' ठेवले होते, आणि 'हिला कावीळ आहे, हिच्या बाटलीचे पाणी पिऊ नका' असे वर्गात पसरले होते. ती मान खाली घालायची ते डोळे लपवायला.

एका थंडीत तिच्या पायांत कळा सुरू झाल्या. तिने दोन दिवस कोणाला सांगितले नाही. तिसऱ्या रात्री मुलींनी मला उठवले तेव्हा ती उशी दातांत धरून पडली होती. जीप काढून आम्ही तिला रुग्णालयात नेले. प्रभूच्या कृपेने वेळेत पोहोचलो. बरी झाल्यावर मी विचारले, "पोरी, सांगितले का नाहीस?" ती म्हणाली, "ताई, दवाखान्यात सगळ्यांसमोर डोळा खाली ओढून बघतात."

बंधुभगिनींनो, आपले डोळे कोणी पाहू नयेत म्हणून एक चौदा वर्षांची मुलगी मरणाच्या दारापर्यंत जायला तयार झाली. रूपाची काळजी हा वरवरचा विषय आहे असे कोणी म्हटले की मला ती रात्र आठवते.

त्यानंतर काही महिन्यांनी संध्याकाळच्या प्रार्थनेत वाचन करायची तिची पाळी आली. उत्पत्तीचा २९ वा अध्याय होता. याकोब, राहेल आणि लेआ. या गोष्टीत आपण सगळे राहेलच्या बाजूचे असतो. ती मेंढरे घेऊन विहिरीवर येते, देखणी आहे, याकोब तिच्यासाठी सात वर्षे राबतो आणि ती वर्षे कधी सरली हे त्याला कळतही नाही. थोरल्या लेआची ओळख मात्र शास्त्र एकाच गोष्टीवरून करून देते. तिचे डोळे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मऊ, कोमल किंवा अशक्त असा होतो, म्हणून भाषांतरांत फरक दिसतो. पण धाकटीच्या रूपाशेजारी थोरलीच्या डोळ्यांचा उल्लेख कशासाठी केला आहे, हे कोणालाही समजते.

वाचणारी त्या वचनापाशी थांबली. मग म्हणाली, "ताई, हिचे डोळे पिवळे होते का?" मी म्हणाले, "ते कोणालाच माहीत नाही." तिने पुढे वाचले. बापाने रात्रीच्या अंधारात लेआला धाकटीच्या जागी पाठवले. सकाळी उजेडात नवऱ्याने तिचे तोंड पाहिले आणि तसाच सासऱ्याकडे तक्रार घेऊन गेला. ती सकाळ लेआला कशी गेली असेल, हे शास्त्र सांगत नाही. आमच्या मुलींना ते सांगावे लागले नाही. खोलीत कोणी हलले नाही.

मग पुढचे वचन आले. लेआ नावडती आहे, हे परमेश्वराने पाहिले.

तिने पुस्तक मिटले आणि विचारले, "पाहिले, तर मग डोळे बरे का नाही केले?"

या प्रश्नावर मी खूप विचार केला आहे. लेआचे डोळे सुधारले असे शास्त्र कुठेही म्हणत नाही. याकोबाचे मन तिच्याकडे वळले असेही म्हणत नाही. तिला मुलगे झाले, पण मुलगे झाले म्हणून ती सुखी झाली असे समजू नका. नावे नीट वाचा. पहिला रऊबेन. ती म्हणते, देवाने माझे दुःख पाहिले, आता नवरा माझ्यावर प्रेम करील. दुसरा शिमोन. मी नावडती आहे हे देवाच्या कानी गेले. तिसरा लेवी. आता तरी नवरा माझ्याशी जडेल. तीन वेळा पाळणा हलला आणि तीन वेळा तिचे डोळे दाराकडेच लागलेले होते. चौथा यहूदा. या वेळी ती एवढेच म्हणते की आता मी परमेश्वराचे स्तवन करीन. नवऱ्याचे नाव नाही. डोळे तेच, घर तेच, राहेल शेजारीच. बदलले एवढेच, की आपली किंमत कोणाच्या नजरेवरून ठरवायची हे तिने त्या एका दिवसापुरते तरी बदलले. त्या दिवसापुरते म्हणते, कारण पुढच्याच अध्यायात दोघी बहिणींची ओढाताण पुन्हा सुरू होते. शास्त्र खोटे सांगत नाही. ही जखम एका प्रार्थनेत भरत नाही. आणि तरीही, ज्या यहूदाच्या वंशात आपला प्रभू जन्मला तो या नावडत्या बाईचा मुलगा होता.

मी मुलींना सांगते, देवाने लेआला 'तूही राहेलइतकीच देखणी आहेस' असे म्हटले नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण आपण सगळे चांगल्या मनाने तीच चूक करतो. मुलगी रडली की आपण म्हणतो, "अगं, तू किती छान दिसतेस." ती क्षणभर हसते, पण तराजू तोच राहतो. तिला वाटते की छान दिसणे हेच मोजायचे असते आणि आज आपले वजन भरले. उद्या पुन्हा तराजूत बसणे आलेच.

मानसशास्त्रात या विषयावर बरेच काम झाले आहे. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली स्वतःवरच्या करुणेचे तीन भाग मांडले. मी ते वसतिगृहाच्या भाषेत सांगते. पहिला, स्वतःशी मायेने बोलणे. दुसरा, हे दुःख मला एकटीलाच नाही, सगळ्यांच्या वाट्याला असे काही ना काही येते, हे ओळखणे. तिसरा, दुःख आहे तेवढेच पाहणे. ते दाबायचे नाही आणि फुगवायचेही नाही. यात स्वतःला श्रेष्ठ मानणे कुठे आले? ही दया आहे, जी आपण दुसऱ्याला सहज देतो आणि स्वतःला नाकारतो.

काही जुन्या मंडळींना स्वतःवर माया करणे हे स्वार्थीपणाचे वाटते. त्यांना मी मार्क १२ मधल्या दुसऱ्या मोठ्या आज्ञेची आठवण देते. शेजाऱ्यावर किती प्रीती करायची, याचे माप प्रभूने आपल्या स्वतःवरूनच दिले आहे. ते मापच फुटके असेल तर शेजाऱ्याला काय मिळणार? स्वतःच्या रंगाला नावे ठेवणारी मुलगी उद्या आई होते आणि पाळण्यातल्या मुलीला पहिल्यांदा पाहताना तिच्या कानांचा रंग बघते.

हे शिकवायला आम्हांला पुस्तक लागत नाही. रविवारी उपासनेआधी मोठ्या मुली धाकट्यांची वेणीफणी करतात. धाकटीच्या केसांत उवा असतात, गुंता असतो, कधी खरूज असते. मोठी तिला काय म्हणते? "थांब, हळू करते. दुखले का? माझ्याही होत्या गं, जातात." एकदा मी त्यांना म्हटले, आता हेच हात थांबवू नका, पण मनात स्वतःकडे वळवा. स्वतःच्या मुरुमांना, जाड कमरेला, काळ्या कोपरांना काल काय म्हणालात ते आठवा. या धाकटीला तसे म्हणाल का? मुली गप्प झाल्या. एक म्हणाली, "तसे म्हटले तर ती रडेल." मी म्हटले, "मग तू रोज कोणाला रडवतेस?" नेफबाईंचे तीनही भाग त्या वेणीफणीत आहेत. हळू करते, दुखले का, माझ्याही होत्या.

या शिकवणीबरोबर आम्ही काही साधे नियमही केले आहेत. शरीरावरून टोपणनाव ठेवायचे नाही, लाडानेसुद्धा नाही. वजन घेताना आकडा मोठ्याने वाचायचा नाही. हिमोग्लोबिनची तपासणी ठरलेल्या वेळी, पडद्याआड. आठवड्याची लोहाची निळी गोळी जेवल्यावर, मात्र सिकलसेल असलेल्या मुलीला डॉक्टरांनी सांगितले तरच. मलम कोणी आणले तर हिसकावून घ्यायचे नाही. ती ट्यूब घेऊन मुलीला नर्सबाईंकडे न्यायचे आणि आत काय असू शकते ते समजावायचे. नाताळच्या नाटकातली कामे गेल्या वर्षापासून चिठ्ठ्या टाकून ठरतात. गेल्या वर्षी मरीया झाली ती एक सावळी, घोगऱ्या आवाजाची पावरा मुलगी होती. तिची आई ऊसतोडीवरून दोन दिवसांची सुटी काढून आली आणि पहिल्या रांगेत जमिनीवर बसून राहिली.

आणि ती मुलगी, जिच्याविषयी मी सांगितले? ती आता बारावीला आहे. रोज हायड्रॉक्सियुरियाची गोळी घेते, भरपूर पाणी पिते, थंडीत पाय झाकते. डोळे अजून पिवळे आहेत. काही दिवस ती आजही मान खाली घालूनच काढते. पण कळ आली की पहिल्या तासाला येऊन सांगते. मध्यंतरी नव्या मुलींना सिकलसेलविषयी सांगताना ती म्हणाली, "डोळे पिवळे होतात ती रक्त दमल्याची खूण आहे. दमलेल्या माणसावर कोणी रागावते का?" मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. मला त्यापुढे शिकवण्यासारखे काही उरले नाही.

आता तुमच्याकडे मागणे. अहवालात खर्चाचे आकडे आहेत. त्यांत रक्ततपासणी, औषधे आणि जिल्हा रुग्णालयापर्यंतचा प्रवास ही रक्कम वाढवून मागितली आहे. ती कृपया मनावर घ्या. पण त्याशिवाय चार गोष्टी आहेत ज्यांना पैसे लागत नाहीत.

पहिली, फोटोंची. एका पत्रकात, कोणाचे ते सांगत नाही, आमच्या भागातल्या एका मुलीचे दोन फोटो शेजारी शेजारी छापले होते. पहिल्यात विस्कटलेले केस आणि फाटका फ्रॉक, दुसऱ्यात गणवेश आणि दोन वेण्या. देणगीसाठी ते परिणामकारक असेल. ती मुलगी पुढे कॉलेजात गेली आणि मैत्रिणीने तो फोटो तिला मोबाइलवर दाखवला. ती मला म्हणाली, "ताई, आधीच्या फोटोतही मीच होते ना?" आमच्या वार्तापत्रात मुलीच्या आणि पालकांच्या संमतीशिवाय फोटो येणार नाही आणि 'आधी-नंतर' कधीच येणार नाही. त्यामुळे तुम्हांला फोटो कमी दिसतील. फोटो कमी दिसले म्हणून अर्पण कमी करू नका.

दुसरी, भेटीची. तुम्ही प्रेमाने आमच्याकडे येता. मुलींशी बोलताना 'सावळी असली तरी तरतरीत आहे' किंवा 'किती वाळली आहे ही' असे म्हणू नका. काय वाचतेस, झाड कोणते लावलेस, तुमच्या भाषेत पावसाला काय म्हणतात, हे विचारा. त्या तासभर बोलतील.

तिसरी, नाताळच्या पार्सलांची. कंगवे, खोबरेल तेल, सॅनिटरी पॅड, उबदार मोजे, वह्या जरूर पाठवा. गोरेपणाचे काहीही पाठवू नका.

चौथी सर्वांत अवघड, कारण ती तुमच्या घरातली आहे. तुमच्या मुलींसमोर, सुनांसमोर, नातींसमोर तुम्ही रंगावरून, जाडीवरून काय बोलता ते ऐका. आणि माझ्या वयाच्या भगिनींनो, आरशापुढे स्वतःविषयी काय पुटपुटता तेही. लहान मुली ते ऐकत असतात. सातपुड्यातली मुलगी आणि पुण्यातली मुलगी यांना एकच गोष्ट दुखते. म्हणून ही सेवा आम्ही तिकडे आणि तुम्ही इकडे, अशी दोन्हीकडे करायची आहे.

आपण प्रार्थना करू या.

हे पाहणाऱ्या परमेश्वरा, तू लेआला पाहिलेस. आमच्या मुलींकडे तुझ्या नजरेने पाहायला आम्हांला शिकव. ज्या शरीराने त्या डोंगर चढतात, पाणी भरतात, वेदना सोसतात, त्या शरीराशी त्यांनी मायेने वागावे असे कर. आजारी मुलींना वेळेवर औषध आणि सोबत मिळू दे. आमच्या जिभेवर पहारा ठेव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.